सबफ्रेमच्या माउंटला तडा गेला तर: स्पोर्ट्स कारच्या मागच्या पत्र्याची दुरुस्ती समजून घेऊ

बेळगाव-खानापूर पट्ट्यात जुन्या स्पोर्ट्स कार आता नवलाच्या राहिल्या नाहीत. कुणी मुंबईहून, कुणी बंगळूरहून वापरलेली गाडी आणतो, हौसेनं सांभाळतो, आणि पावसाळा सरला की जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला एक फेरी मारतोच. मग कधीतरी उद्यमबागेतल्या गॅरेजात हे बोलणं होतं. "मेस्त्री, एक्सिलेटर सोडला की मागनं टक् करून आवाज यायलाय बघा." "बुश गेलं असणार. बदलूया." बुश, म्हणजे धातूच्या दोन भागांमध्ये बसवलेलं रबरी अस्तर, बदललं जातं, थोडे दिवस आवाज थांबतो आणि परत सुरू होतो. अशा वेळी दोष बुशात नसून ते बुश ज्या पत्र्याला बोल्टनं धरलंय त्या पत्र्यात असू शकतो. तो पत्राच फाटायला लागलेला असतो.

ह्या फाटण्याची दुरुस्ती होते. नीट केली तर ती जागा कारखान्यातून आली होती त्यापेक्षाही भक्कम होते. पण तडा दिसला, वेल्डिंगची रेघ ओढली आणि वर काळा रंग मारला, एवढ्यावर भागवलं तर काही दिवसांनी त्या रेघेच्या शेजारीच नवा तडा उभा राहतो. तिथून जाणारा जोर कुठून येतो आणि त्याला पुढे कुठे जायला वाट आहे, हे कळल्याशिवाय त्या पत्र्याला ग्राइंडर लावू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी तेच पाहू.

चार बोल्ट आणि मिलिमीटरभर पत्रा

ट्रकला किंवा जुन्या जीपला वेगळी चेसिस असते. खाली जाड चॅनेलची लोखंडी चौकट आणि तिच्यावर बॉडी. आजच्या बहुतेक मोटारींना अशी चौकट नसते. पत्रे दाबून, दुमडून, हजारो ठिकाणी स्पॉट वेल्ड (ठिपक्याएवढं वेल्डिंग) करून जो डबा तयार होतो तोच गाडीचा सांगाडा. मागची चाकं ह्या डब्याला थेट जोडलेली नसतात. मध्ये सबफ्रेम असते, म्हणजे लोखंडी नळ्यांचा किंवा दाबलेल्या पत्र्याचा एक वेगळा पाळणा. डिफ्रन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गिअरपेटी, आणि सस्पेन्शनचे बरेचसे आर्म ह्या पाळण्याला धरलेले असतात, आणि पाळणा रबरी बुशांमधून बहुधा चार बोल्टनी गाडीच्या फ्लोअरला टांगलेला असतो. बोल्ट जिथे वर जातो तिथे फ्लोअरच्या आत आटे पाडलेली एक नळी पत्र्याला वेल्ड केलेली असते. ही चार ठिकाणं म्हणजेच माउंटिंग पॉइंट.

त्यांच्यावर किती जोर येतो याचा ढोबळ हिशेब करता येतो. उदाहरणाला बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीतली एम३ घेऊ, २००० ते २००६ मधली. तिच्या इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३६५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे ४.२ पट होतो आणि डिफ्रन्शियलमध्ये आणखी सुमारे ३.६ पट. गुणाकार केला की मागच्या आसावर साधारण ५,५०० न्यूटन-मीटर येतात. चाकं पुढे फिरवायची तर डिफ्रन्शियलचं हौसिंग (बाहेरचं कवच) तेवढ्याच जोरानं उलट फिरू पाहतं. त्याचं नाक वर उचलायला बघतं, शेपूट खाली दाबायला. हौसिंगला सबफ्रेमनं धरलंय आणि सबफ्रेमला पत्र्यानं. पुढच्या आणि मागच्या माउंटमध्ये अर्धा मीटर अंतर धरलं तर पुढची जोडी वर ढकलणारा आणि मागची जोडी खाली ओढणारा जोर प्रत्येकी ११,००० न्यूटन होतो, म्हणजे सुमारे १,१०० किलो वजनाइतका. रस्त्यावर त्याआधीच टायर घसरतात, म्हणून एवढा जोर सहसा पोचत नाही. निम्मा धरला तरी साडेपाचशे किलो आहेत. क्लच झटक्यात सोडला तर फिरत्या इंजिनात साठलेला जोर धक्क्यानं येतो तो वेगळाच.

आता एक्सिलेटर सोडा. इंजिन गाडीला मागे ओढू लागतं आणि जोराची दिशा उलटी होते. जे वर ढकललं जात होतं ते खाली ओढलं जातं. घाटात प्रत्येक वळणाला एक्सिलेटर दाबणं-सोडणं चालू असतं, म्हणजे पत्रा दर वळणाला वर-खाली लवतो. त्याची जाडी असते एक मिलिमीटरच्या आसपास.

एकदा दिलेल्या जोरानं हा पत्रा फाटत नाही. तो थकून फाटतो. धातू एका दमात जेवढं वजन पेलतो, त्याहून कितीतरी कमी वजन लाखो वेळा उलटसुलट दिलं तर तो तुटतो, हे ऑगस्ट व्होलर ह्या जर्मन रेल्वे अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं. तडा सुरू होतो तोही कुठेही नाही. भोकाची कड, तीक्ष्ण कोपरा, स्पॉट वेल्डचा काठ, जिथे जोराला वळण घ्यावं लागतं तिथे तो एकवटतो आणि तडा तिथेच जन्म घेतो. १९५४ साली ब्रिटनची कॉमेट जातीची दोन जेट प्रवासी विमानं हवेत फुटली, तेव्हा चौकशीत पत्र्याचा थकवा हेच कारण निघालं, आणि तेही पत्र्यात कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांशी, रिव्हेटच्या भोकांपाशी. आपली गाडी विमान नाही, पण भौतिकशास्त्र तेच आहे.

बोल्ट मात्र शाबूत राहतो. जाड कोटाचं बटण ओढलं की दोरा टिकतो आणि कापड फाटतं, म्हणून जाणता शिंपी बटणामागे कापडाची चकती घालून टाका मारतो. बटणाचा ओढा मग चकतीभर कापडावर वाटला जातो. माउंटची सगळी दुरुस्ती ह्या एका चकतीत आहे. फाटलेलं सांधायचं, आणि पुढे फाटू नये म्हणून जोर मोठ्या जागेवर वाटून द्यायचा.

ई४६ पिढीच्या (१९९८ ते २००६) गाड्यांत मागच्या फ्लोअरला ह्या जागी तडे जाणं जगभरच्या मेकॅनिकांना माहीत आहे. जास्त ताकदीच्या मॉडेलांत ते लवकर दिसतात, पण साध्या ३२५ किंवा ३३० लाही ते चुकत नाहीत. बीएमडब्ल्यूच्याच १९९५ ते २००२ मधल्या झेड३ ह्या दोन सीटच्या गाडीत डिफ्रन्शियल मागून एकाच कानानं (पकडीनं) बूटच्या, म्हणजे डिकीच्या, फ्लोअरला धरलेलं असतं, आणि तिथले स्पॉट वेल्ड एकामागोमाग एक उसवत जातात. कंपनीचा चेन्नईचा कारखाना २००७ साली सुरू झाला, त्यामुळे ह्या पिढीच्या गाड्या भारतात बाहेरून आलेल्या. फ्लोअरचा अख्खा पत्रा बदलायचा म्हटलं तर तोही बाहेरूनच मागवावा लागतो. म्हणून आपल्याकडे आहे तो पत्रा वाचवण्याकडे कल असतो, आणि तो योग्यच आहे.

आपल्या भागातली भर निराळी. कणकुंबी, आंबोली ह्या घाटमाथ्याच्या पावसात गाडी भिजते, जांभ्याचा तांबडा चिखल सबफ्रेमच्या वरच्या खबदाडात जाऊन बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत तिथे ओल धरून राहतो. गोव्यात समुद्राजवळ ठेवलेल्या गाडीला खारी हवा लागते. थकव्यानं पडलेल्या बारीक तड्यातून पाणी आत शिरतं, आतून गंज चढतो, पत्रा आणखी पातळ होतो. तडा आणि गंज एकमेकांना असे हात देतात, त्यामुळे बाहेरून बोटभर दिसणारी चीर आत विताएवढी निघू शकते.

आधी खात्री करा

मागून येणारा प्रत्येक टकटक आवाज म्हणजे फ्लोअर फाटला असं नव्हे. शॉकॲबसॉर्बरचं वरचं माउंट, अँटी-रोल बारची लिंक, ट्रेलिंग आर्मचं बुश, डिफ्रन्शियलचं स्वतःचं बुश, हे सगळे स्वस्तातले संशयित आधी तपासा. माउंटवर संशय घ्यावा तो लक्षणं जोडीनं आली तर. एक्सिलेटर दाबताना एक आवाज आणि सोडताना दुसरा. खड्ड्यातून जाताना मागचा भाग स्वतःहून किंचित दिशा बदलल्यासारखा वाटणं. अलाइनमेंट करूनही मागचे टायर एका कडेनं झिजत राहणं.

मग गाडी रॅम्पवर घ्या. चारही माउंटभोवतीचा पत्रा तेज बॅटरीखाली पाहा. काळ्या अंडरकोटिंगला (गाडीच्या तळाला लावलेल्या संरक्षक थराला) केसासारखी चीर आहे का, ते पापुद्र्यासारखं सुटतंय का, चिरेतून तांबडी रेघ ओघळली आहे का. नंतर बूटमधला गालिचा आणि खालचं फेल्ट काढून वरूनही तोच भाग पाहा. वरच्या बाजूची तपासणी बऱ्याचदा वगळली जाते, आणि नेमके कितीतरी तडे वरूनच दिसतात. लांब पहारीनं सबफ्रेम हलकेच उचकटताना दुसऱ्यानं पत्र्यावर बोट ठेवलं तर पत्रा लवतोय की नुसतं रबर दबतंय, ते बोटाला कळतं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून गाडीखाली कुणीही जायचं नाही. ह्याला कुठलाही अपवाद नाही.

चीर खरी आहे की रंगाची, हे ठरवायला आपल्या बेळगावात उत्तम सोय आहे. इथल्या फाउंड्रीत कास्टिंग तपासायला डाय पेनिट्रंट वापरतात, तेच तीन डबे. पत्रा चकचकीत घासायचा, क्लीनरनं पुसायचा, लाल डाय फवारून दहाएक मिनिटं मुरू द्यायचा, वरचा डाय पुसून पांढरा डेव्हलपर फवारायचा. चिरेत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो आणि तडा जिथे डोळ्याला संपल्यासारखा वाटतो त्याच्या पुढे किती गेलाय ते दिसतं. खर्च किरकोळ आहे. मी तरी ही तपासणी केल्याशिवाय पुढचं काम ठरवू देणार नाही.

वापरलेली गाडी घेत असाल तर एक खूण सांगून ठेवतो. सगळा खालचा भाग मळका, जुना, आणि फक्त ह्या चार जागांवर ताजं जाड काळं अंडरकोटिंग असेल, तर विकणाऱ्याला ते खरवडू द्यायला सांगा. नाही म्हणाला तर गाडी सोडा.

दुरुस्ती कशी होते

ह्या कामात वेल्डिंगचा वेळ थोडा आणि उघडण्या-जोडण्याचा वेळ फार. बॅटरीच्या तारा सोडायच्या, कारण वेल्डिंगचा प्रवाह ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि एअरबॅगच्या वायरिंगमध्ये शिरायला नको. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या, हॅन्डब्रेकच्या केबल, स्प्रिंगा काढून सबफ्रेम जॅकवर अलगद खाली घ्यायची. गाडी त्या वेळी पक्क्या घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) हवी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आत सीट, गालिचे, फोम, आवाज शोषणारे डांबरी पट्टे, वायरिंग, सगळं वेल्डिंगच्या जागेपासून लांब. पेट्रोलची टाकी बहुतेक गाड्यांत ह्या भागाला लागूनच असते, ती उतरवूनच काम करायचं. टाकी तशीच ठेवून ओलं पोतं लावून वेल्डिंग करणारा मेस्त्री भेटला तर गाडी तिथून काढून न्या.

मग घासणं. तड्याभोवती निदान पाचेक सेंटिमीटर सगळीकडे अंडरकोटिंग, सीलर, रंग काढून उघडा पांढरा पत्रा दिसला पाहिजे. हीट गन आणि खरवडणीनं निघतं तेवढं काढायचं, उरलेलं तारेच्या ब्रशनं. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याचा धूर होतो आणि तो फुप्फुसात गेला तर संध्याकाळपर्यंत थंडी-ताप भरतो. मास्क आणि मोकळी हवा हवीच.

गाडीला आधी कधी मागून मार बसला असेल तर वेल्डिंगच्या आधी मापं. कारखान्यानं फ्लोअरला ठेवलेल्या ठराविक भोकांपासून चारही माउंटपर्यंत तिरकी मापं घ्यायची आणि डावी-उजवी बाजू ताडून पाहायची. फरक असेल तर गाडी आधी फ्रेम बेंचवर ओढून सरळ करावी लागते. वाकड्या जागी केलेलं सुंदर वेल्डिंग त्या वाकडेपणालाच कायमचं करून ठेवतं. आटे पाडलेली नळी बदलायची असेल तेव्हा सबफ्रेमच परत लावून, तिच्या भोकातून बोल्ट घालून नळीची जागा पक्की करायची, दोन-चार टाके मारायचे आणि मग सबफ्रेम काढून पूर्ण वेल्ड करायचं, म्हणजे रबर जळत नाही आणि भोकंही चुकत नाहीत. नुसते आटे गेले असतील तर नवे आटे बसवायचे इन्सर्ट मिळतात. नवी नळी लेथवर करून घ्यायची म्हटली तरी उद्यमबाग, मच्छे भागात चांगल्या टर्नरची वानवा नाही.

आता प्रत्यक्ष तडा. त्याचं टोक अतिशय धारदार असतं आणि सगळा जोर त्या टोकाशी एकवटतो. म्हणून डायनं दाखवलेल्या खऱ्या टोकाला तीनेक मिलिमीटरचं गोल भोक पाडतात. धारदार टोकाच्या जागी गोलाई आली की तड्याला पुढे सरकायला जोर मिळत नाही. मग पातळ डिस्कनं तड्याची कड थोडी उघडायची, म्हणजे वेल्ड वर-वर न बसता पत्र्याच्या जाडीभर उतरतं. उसवलेले स्पॉट वेल्ड असतील तर वरच्या पत्र्याला सहा-आठ मिलिमीटरचं भोक पाडून ते खालच्या पत्र्यापर्यंत वेल्डनं भरतात. गंजलेला भाग मात्र सांधायचा नाही, कापून टाकायचा. टोचणी मारल्यावर आत जाणाऱ्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही. चांगला धातू लागेपर्यंत मागे सरायचं आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा आकार देऊन बसवायचा.

वेल्डिंग कोणतं, ह्यावर जरा थांबतो, कारण आपल्या भागात इथेच गाड्या बिघडतात. चिक्कोडी, निपाणी, अथणीकडे उसाच्या ट्रॉल्या बांधणारे असे कारागीर आहेत की त्यांचं रॉड वेल्डिंग पाहत राहावं. दहा मिलिमीटरच्या चॅनेलवर त्यांचा हात सोन्याचा आहे. पण तो हात आणि तो रॉड मिलिमीटरभर पत्र्यासाठी नाही. रॉडची उष्णता पातळ पत्र्याला भोक पाडते, भोक भरायला आणखी धातू, आणखी उष्णता, आणि शेवटी एक जाड कडक गाठ तयार होते. गाठीच्या काठाशी पत्रा मऊ पडलेला असतो. पुढचा तडा बरोबर त्या काठावरून जातो. गॅस वेल्डिंग तर त्याहून वाईट, कारण त्याची उष्णता फार लांबवर पसरते आणि सगळा फ्लोअर लहरतो. इथे हवं ते मिग, ज्याला गॅरेजात सीओटू म्हणतात. ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार, शक्यतो नुसत्या कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गन मिसळलेला गॅस, आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे टाके. एक टाका इथे, दुसरा समोरच्या बाजूला, तिसरा पलीकडे. हात ठेवता येईल इतकं थंड झाल्यावरच शेजारचा टाका. पाणी ओतून थंड करायचं नाही. काम करणाऱ्यानं आधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर नमुना करून दाखवावा, आणि तो नमुना हातोडीनं उलटून पाहावा. वेल्ड सुटला की शेजारचा पत्रा फाटला? पत्रा फाटला तर माणूस योग्य आहे.

वेल्डिंग चालू असताना गाडीच्या आत दुसरा माणूस अग्निशामक सिलिंडर घेऊन बसलेला हवा, आणि शेवटच्या टाक्यानंतरही निदान अर्धा तास गाडी एकटी सोडू नये. दुमडीत अडकलेला फोम उशिरा पेटतो.

आता चकती. फक्त तडा सांधून सोडलेलं काम मला अर्धवट वाटतं, कारण पत्रा तेवढाच पातळ राहिला आणि जोरही तोच. माउंटभोवती दोन ते तीन मिलिमीटर जाडीची, पत्र्याच्या उंच-सखल आकाराला तंतोतंत बसणारी पोलादी प्लेट घालतात. ई४६ आणि झेड३ साठी अशा तयार प्लेटांचे संच परदेशात मिळतात. आपल्याकडे पुठ्ठ्याचा नमुना कापून लेझर कटिंगवर प्लेट काढून घेता येते, मग वाकवणं हाताचं काम. प्लेट जितकी जाड तितकी चांगली, हा समज सोडून द्यावा. पाच-सहा मिलिमीटरची प्लेट लावली तर ती स्वतः लवत नाही, सगळं लवणं तिच्या काठावरच्या पत्र्यावर येतं आणि तडा नुसता जागा बदलतो. कोपरे गोल हवेत. कड मोकळ्या सपाट पत्र्यात संपायला नको, ती जवळच्या दुमडीपर्यंत किंवा चेसिस लेगपर्यंत (फ्लोअरखालच्या लांब पोकळ तुळईपर्यंत) न्यावी. मधल्या भागात भोकं ठेवून तिथूनही प्लेट पत्र्याला वेल्ड करावी, नाहीतर ती फक्त काठावर धरलेली राहते.

काही गाड्यांत बोल्टची नळी फक्त खालच्या पत्र्याला पकडलेली असते, वरचा पत्रा जवळ असूनही कामाचा नसतो. अशा ठिकाणी खालून प्लेट लावून भागत नाही. बूटच्या बाजूनं फ्लोअर उघडून नळीचं वरचं टोक आडव्या-उभ्या मजबूत भागांना बांधावं लागतं, म्हणजे वर ढकलणारा जोर थेट सांगाड्यात जातो. हे काम मोठं आहे. रोज शहरात फिरणाऱ्या, केसभर चीर निघालेल्या गाडीला ते लागेलच असं नाही, पण इंजिनाची ताकद वाढवली असेल किंवा ट्रॅकवर नेत असाल तर टाळू नका. उलट बारीक तड्यांसाठी पोकळीत स्ट्रक्चरल फोम भरण्याचीही एक पद्धत आहे, घट्ट झाल्यावर तो दोन्ही पत्र्यांना धरून ठेवतो. मात्र एकदा तो भरला की नंतर तिथे वेल्डिंग करणं अवघड आणि धोक्याचं होतं. म्हणून मी वेल्डिंग आणि प्लेट आधी, असंच सांगेन. बाजारातली दोन नळ्यांची इपॉक्सी पुट्टी चिरेवर थापणं ह्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

वेल्डिंग झालेला पत्रा दोन्ही बाजूंनी उघडा पडलेला असतो, त्याचं जस्त जळालेलं असतं. आपल्या पावसात तो पहिल्याच आषाढात गंजेल. प्लेटखाली वेल्डिंग सोसणारं जस्ताचं प्रायमर आधीच मारलेलं असावं. नंतर इपॉक्सी प्रायमर, कडांना सीम सीलर, त्यावर दगडाचा मार सोसणारं अंडरकोटिंग, आणि जी पोकळी हाताला लागत नाही तिच्यात लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण). फ्लोअरला पाणी निथळायला ठेवलेली भोकं ह्या सगळ्यात बुजणार नाहीत, याकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या.

जोडताना सबफ्रेमची बुशं नवी घालावीत. थकलेल्या रबरात सबफ्रेमला हलायला जागा मिळते आणि ती दुरुस्त केलेल्या पत्र्यावर पुन्हा हातोडीसारखी आदळू लागते. पॉलियुरेथेन बुश अंगाला जरा कडक लागतं, अॅल्युमिनियमचं भरीव बुश गिअरचा आवाजही केबिनमध्ये आणतं. घाटरस्त्यानं गोव्याला जाणाऱ्या गाडीला मूळ प्रकारचं चांगलं रबर पुरतं. बोल्ट नवे, टॉर्क रेंचवर, त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. सस्पेन्शन आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर कायमचं पीळ खाऊन बसतं. त्यानंतर चारही चाकांचं अलाइनमेंट.

ज्या गाड्यांना हे लागू नाही

वरचं सगळं पोलादी पत्र्याच्या गाडीबद्दल आहे. लोटस एलिसचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या इपॉक्सीनं चिकटवून केलेला असतो, ऑडी आर८ आणि जॅग्वार एफ-टाइप अॅल्युमिनियमच्या, मॅक्लारेनचा मधला डबा कार्बन फायबरचा. उष्णता देऊन मजबूत केलेलं अॅल्युमिनियम वेल्ड केलं की वेल्डशेजारी त्याची ताकद तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत उतरू शकते, आणि चिकटवलेल्या सांध्याजवळ वेल्डिंग म्हणजे सांधाच जाळणं. अशा गाडीचा माउंट दुखावला तर ती ट्रकवर घालून त्या कंपनीच्या मान्य केंद्रात न्यायची. इथे कुणी आर्गन वेल्डिंगनं करून देतो म्हटलं तरी देऊ नका. एका काळी गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मसारख्या फायबरग्लास बॉडीच्या गाडीत वरून काहीच दिसत नाही, त्यामुळे ती दरवर्षी पावसाळ्यानंतर खालून तपासावी.

कागदपत्रांचं थोडक्यात. दुरुस्ती म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला बदल नव्हे, पण चेसिस नंबर कोरलेल्या जागेला ग्राइंडर लागता कामा नये. केए-२२ असो, एमएच-०९ असो की गोव्याची पाटी, नंबर पुसट झाला तर फिटनेस आणि हस्तांतर दोन्ही अडतं. थकव्यानं गेलेला तडा विमा कंपनी झीज मानते, त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. अपघातानं माउंट वाकला असेल तर दावा करता येतो, मात्र सर्व्हेअरनं पाहण्याआधी काही उघडू नका.

काम झाल्यावर पहिल्या हजार किलोमीटरच्या आत गाडी पुन्हा रॅम्पवर घ्या. बोल्टचा टॉर्क तपासा आणि प्लेटच्या काठावरचा पत्रा बॅटरीखाली पाहा. पहिला पावसाळा संपला की परत एकदा. उघडलेल्या पत्र्याचे, डायनं दाखवलेल्या तड्यांचे आणि वेल्डिंगनंतर रंग चढण्यापूर्वीचे फोटो मेस्त्रीकडून मागून घ्या, प्लेटची जाडी आणि बुशांचा प्रकार बिलावर लिहून घ्या, आणि गाडी विकाल तेव्हा ते सगळं नव्या मालकाच्या हाती द्या.